दिवेलागणीचं विरजण

आमच्या मुलखात नोकरी आणि बिऱ्हाड कधी एका गावात नांदत नसत. नोकरी मुंबईला, बिऱ्हाड मसुऱ्याला. कर्ता माणूस बोटीत बसून जायचा आणि त्याच्यामागे शेत, गोठा, आई, बायको, पोरं अशी सगळी मालमत्ता जागच्या जागी राहायची. माझे वडीलही असेच गेले. वर्षातून दोनदा यायचे, आंब्याला आणि गणपतीला. ते आले की आम्ही भावंडं दाराआडून या पाहुण्याकडे बघत बसायचो. एकदा मी त्यांना "तुमी परत कदी जातलात?" असं विचारलं होतं. त्यात उद्धटपणा काही नव्हता. पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, इतकंच. वडील हसले. आई हसली नाही.

आईला ते दर खेपेला सांगायचे, "बरी जागा गावली की न्हेतंय तुमका." ही बरी जागा त्यांना नोकरी संपेपर्यंत गावली नाही. पुढे ते गेले, आणि ते वाक्य तेवढं आईजवळ राहिलं.

माझी नोकरी मुंबईची नव्हती. तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो. कचेरी मालवणला होती तोवर मसुऱ्याहून जाऊन-येऊन भागत होतं. मग एका वर्षी मार्चअखेर बदलीचा हुकूम आला, देवगडला. मुंबईच्या मानाने देवगड म्हणजे परसदारच, पण रोज उठून जावं असं काही ते परसदार नव्हतं. मुलगी शाळेत घालायची झालेली, मुलगा रांगता. मी मनाशी ठरवलं, आपण खानावळीत जेवणारा आणि सणाला येणारा बाप व्हायचं नाही. बिऱ्हाड न्यायचं, सगळ्यांना न्यायचं.

रात्री जेवताना मी हे जाहीर केलं. आवाजात थोडा जोरही आणला होता. बायकोने माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. आमच्या घरात माझ्या घोषणांचं पुढे काय व्हायचं ते या बघण्यावरून कळत असे. सासू येणार असेल तर सून येणार, म्हातारीला एकटी टाकून नव्हे, हे मला आधीच ऐकवून झालं होतं.

"मी येतलंय," आई म्हणाली. "पण जागा बरी व्हयी. नायतर तू जा एकटो, तुझ्या बापाशीसारखो."

"बरी म्हणजे कशी गो, आये?"

"घराचा काय बघूचा? चार भिंती खंयय गावतत. शेजार बघ."

"आणि शेजार कसो बघतत?"

"वायच विरजण मागान बघ. देताना माणूस कळता."

"मी मागू?"

"मगे काय मामलेदार मागतलो?"

असं म्हणून तिने फळीवरचं एक चिमुकलं मातीचं बुडकुलं माझ्यासमोर ठेवलं. सरकारी नोकराने बदलीच्या गावी काय काय न्यावं याचे नियम असतात. त्यात बुडकुलं नसतं.

देवगडला हजर झालो आणि कचेरीतल्याच एका सहकाऱ्याच्या पडवीत पथारी टाकून जागा बघू लागलो. पहिली बंदरावरची. भाडं खिशाला झेपणारं, पण समुद्र जवळजवळ चुलीपाशी. माशावर वाढलेल्या माणसाने माशाच्या वासाला नाक मुरडू नये हे मला मान्य आहे, पण अंगणात सुकत घातलेल्या बांगड्यांवर आमचे चिरंजीव रांगत जाणार हेही मला दिसत होतं. दुसरी जागा बाजारात, एका किराणा व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या. कचेरी हाकेवर, पण भाडं ऐकून मी नुसतंच "हं, हं" केलं. तिसरी जामसंड्याला.

जामसंडं म्हणजे देवगडला लागूनच, चढण चढून वर गेलं की सुरू होणारी वस्ती. तिथे एका मुंबईकराचं अर्धं घर मोकळं होतं. भाडं माझ्यासारख्याला बघूनच ठरवलेलं असावं. शाळेची घंटा अंगणात ऐकू यायची. फणसाचं झाड होतं, विहीर होती आणि ती पलीकडच्या घराशी सामाईक होती. मध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा.

आमचे हेडक्लार्क म्हणाले, "जामसंड्याला कसले राहता? चढण आहे, पावसात चपला हातात घेऊन याल. बाजारात राहा. माणसांत राहा."

मला जामसंडं आणि बाजार दोन्ही पटलं. मला नेहमीच दोन्ही पटतं. तेव्हा आईने सांगितलेली परीक्षा घ्यायची असं ठरवून एका शनिवारी कचेरी सुटल्यावर मी बुडकुलं काढलं. आधी चहा घेतला. मग वाक्य पाठ केलं. मग कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून बुडकुलं छत्रीत घालून निघालो, तर वाटेत ओळखीचेच भेटत गेले आणि प्रत्येकाशी बोलताना छत्री सरळ धरावी लागली. या सगळ्यात चढण चढून वर पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

गडग्यापलीकडे एक बाई तुळशीशी दिवा ठेवत होती. गोठ्यात गाय. दुधाची चिंता नाही, मी मनात म्हटलं.

"कोण ता?"

"मी कचेरीतला," मी म्हणालो. घाबरलो की मी कचेरीचं मराठी बोलू लागतो. "हे शेजारचं घर भाड्याने घ्यावं म्हणतोय. थोडंसं विरजण मिळेल का?"

बाईने माझी टोपी बघितली, कोट बघितला, मग छत्रीतून निघालेलं बुडकुलं बघितलं.

"दूध खंय आसा?"

"दूध अजून नाही."

"बायल?"

"मसुऱ्याला आहे."

"मगे विरजण कित्याक व्हया?"

यापुढचं वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. "असंच," मी म्हणालो.

"आता विरजण गावाचा नाय," ती म्हणाली आणि आत गेली. गोठ्यातली गाय तेवढ्यात हंबरली. मला वाटलं, तीसुद्धा नाहीच म्हणतेय.

उतरताना माझा निकाल तयार होता. गोठ्यात गाय आहे आणि चमचाभर विरजण देववत नाही, असला शेजार! तशाच तिरीमिरीत बाजारात त्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो. पेट्रोमॅक्सच्या भगभगत्या उजेडात तो पुडे बांधत होता. मी बुडकुलं पुढे केलं.

"अहो रावसाहेब, विरजण कसलं मागता? दही न्या!" असं म्हणून त्याने आतून बुडकुलं काठोकाठ भरून आणवलं आणि कागदात थोडी साखरही बांधून दिली. "आमच्याकडेच या राहायला. भाड्याचं बघू, तुम्ही काय परके आहात?"

खानावळीत मी ते दही भातावर घेतलं आणि साखर नंतर नुसतीच खाल्ली. बुडकुलं धुऊन ठेवताना वाटलं, आईची परीक्षा सोपी आहे. उगाच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मसुऱ्याला गेलो. आई पडवीत रातांबे फोडत बसली होती, आमसुलांसाठी. हात कोपरापर्यंत लाल. मी सगळी हकिगत सांगितली. बाजारवाल्याची उदारता सांगितली, जामसंड्याच्या बाईचा कंजूषपणा जरा रंगवूनच सांगितला. आईचे हात चालू होते.

"कदी गेल्लंस रे?"

"कचेरी सुटल्यार. दिवे लागलेले."

हात थांबले. "दिवो लावल्यार विरजण मागलंस?"

मी मान हलवली. आईला हसू फुटलं. ते आवरेना तेव्हा तिने लाल हातांनीच तोंड झाकलं आणि तोंडही लाल झालं. आतून बायको मुलाला कडेवर घेऊन धावत आली.

"बघ गो ह्येका! दिवो लावल्यार दुसऱ्याच्या दारात बुडकुलो घेवन उभो ऱ्हवलो! अरे मेल्या, लक्षुमी घरात येवच्या वेळेक दूध-दही कोण भायर घालता? तुझ्या घरात कदी दिलेला बघलंस?"

बघितलं नव्हतं. त्याच घरात वाढलो होतो, आणि तिन्हीसांजेला मीठसुद्धा उसनं मागू नये म्हणून लहानपणी मारही खाल्ला होता. पण कचेरीच्या वेळापत्रकात तिन्हीसांज नसते. ती आठवायची राहून गेली.

"पण बाजारातल्यान दिल्यान मां?" मी शेवटचा बचाव केला.

"दिल्यान म्हणानच सांगतंय. दिवो लावल्यार दही दिता, तेचा कायतरी काम आसतला तुझ्याकडे."

"मगे जामसंड्याची बाय बरी?"

"तिना आपला घर राखल्यान. बरी की वायट ता सकाळी कळता. तू सकाळी परत गेल्लंस?"

"नाय."

"मगे अर्धोच शेजार बघलंस तू," आई म्हणाली आणि पुढचा रातांबा उचलला. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. बायको आत गेली. तिने ट्रंक उतरवून पुसून ठेवली होती, ती मला जाता जाता दिसली. पुन्हा माळ्यावर चढली नव्हती, एवढाच काय तो धीर.

सोमवारी कचेरीत पोचलो तर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बाजारवाला व्यापारी बसलेला.

"नमस्कार. दही गोड होतं ना?"

"होतं."

"आमच्या बागेच्या हद्दीचा एक अर्ज आहे. शेजाऱ्याशी जरा तंटा आहे. म्हटलं, तुमच्याच टेबलावर येणार, तर आधी कानावर घालावं."

अर्ज त्याच्या पाळीने येईल, असं मी जमेल तितक्या मृदू आवाजात सांगितलं. त्याने माझ्याकडे उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि उठून गेला. पुढे मी त्याच्या दुकानातून कितीदा साखर नेली, पण दही गोड होतं का, असं त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

दुपारच्या आधी दारात आवाज आला, "ते छत्रीवाले खंय बसतत?"

शिपायाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. जामसंड्याची बाई. डोक्यावर बाजारात न्यायची टोपली. टोपली उतरवून तिने त्यातून केळीच्या पानाने तोंड बांधलेली करवंटी काढली आणि माझ्यासमोरच्या कागदांवर ठेवली.

"काल सकाळी गडग्यार ठेवलंलंय. तुमी येवक नाय. कावळ्यान पाडल्यान."

"मी गावाला गेलो होतो," मी उभा राहून म्हणालो. साहेबांसमोरही मी इतक्या झटकन उभा राहत नसे.

"रातचा मागूक येतास आणि सकाळी गावाक जातास! तुमका संवसार करूचो आसा की नाय? माझी सासू आतसून बघी होती. म्हणता, टोपीवाल्याचा डोक्या बरा आसा मां?"

कोपऱ्यातले टंकलेखक खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेले. हेडक्लार्क चष्मा सारून पुढे झाले. "काय आहे हो हे?"

"विरजण," मी म्हणालो.

"घरी बायलेक सांगा," ती टोपली उचलत म्हणाली, "पाणी गोडा आसा. आणि चेडू शाळेत जावचा आसात तर माझ्या चेडवाबरोबर जायत. एकटा धाडूचा नाय, वाटेत बैल आसतत." आणि माझ्या मुलीच्या शाळेची सोय लावून ती गेली.

करवंटी समोर ठेवून मी विचार करत बसलो. घरी जायला शनिवार उजाडायचा आणि विरजण काही अर्जासारखं फायलीत घालून ठेवता येत नाही. तेव्हा तो सगळा आठवडा मी रोज खानावळीतून थोडं दूध आणलं आणि रोज रात्री सहकाऱ्याच्या पडवीत बसून बुडकुल्यात ते विरजण पुढे चालवलं. यजमानीणबाईंनी एक-दोनदा डोकावून बघितलं. नवऱ्याला काय सांगितलं असेल कोण जाणे.

शनिवारी पान बांधलेलं बुडकुलं मांडीवर घेऊन मसुऱ्याला पोचलो. आईने पान सोडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"आंबट केलंस," ती म्हणाली. थोडा वेळ बुडकुल्यात बघत बसली. "सकाळी तिना आणून दिल्यान?"

"कचेरीत. सगळ्यांसमोर."

आई उठली. आत गेली आणि वडिलांनी मुंबईहून आणलेली जाड सतरंजी खुंटीवरून काढून झटकू लागली. "शाळा कदी सुरू होतत?" तिने आतूनच विचारलं.

शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही जामसंड्याला होतो. चढणीचं हेडक्लार्कांचं भाकीत खरं ठरलं. पावसाळाभर मी चपला हातात घेऊन कचेरीत जात होतो. आई आणि पलीकडची सासू गडग्याला टेकून बोलत असायच्या. मी अंगणात आलो की बोलणं थांबायचं आणि हसू यायचं, म्हणजे विषय कोणता ते मला कळायचं.

पुढच्या मे महिन्यात जामसंड्याचेही मुंबईकर आले. वाडीतल्या पोरांना बापांनी बिस्किटांचे डबे आणले, पत्र्याच्या मोटारी आणल्या. मुलगी दोन दिवस त्यांच्या अंगणांत फिरून आली आणि तिसऱ्या दिवशी, मी कचेरीतून येऊन पाय धुतोय तोच, समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमी मुंबयक कदी जातलात?"

"मी? कित्याक गो?"

"परत येवक!" ती म्हणाली. "तुमी नुसते रोज घराकच येतास."

गडग्यापाशी आईचं बोलणं थांबलं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, सतरंजी वाळत घातली होती तिचं टोक सारखं करत होती.

"तुझो बापूस खंय जावचो नाय," ती नातीला म्हणाली. "तेका सांग, बुडकुलो घे आणि पलीकडसून विरजण आण. आणि बिगीन जा म्हणा, दिवो लावच्या आदी."

मी ओले पाय तसेच घेऊन निघालो.