पाठ टेकली की उठायचं

कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला टेकली की विषय संपला. तुम्ही उठता, त्याला हात देता, पाठीवर थाप मारता आणि कोणीतरी तुमच्या डोक्याला फेटा बांधतं. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये पाठ टेकते तेव्हा विषय सुरू होतो. एवढी साधी गोष्ट, पण ती माझ्या डोक्यात कधी नीट बसलीच नाही.

दोष कोणाचा म्हणाल तर मी लगेच आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, बोट दाखवायचो. आबा तरुणपणी अमळनेरकडच्या जत्रांमधून कुस्त्या मारायचे. पुढे सुरतेत आले, भेस्तानला कापडाच्या लूमवर लागले. मी सात वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी खोलीमागच्या मोकळ्या प्लॉटवर माती उकरली आणि मला त्यात उतरवलं. त्यांचे नियम दोनच. स्वतःची पाठ टेकू द्यायची नाही; पालथं पडायचं, पण पाठ नाही. आणि समोरच्याची टेकली की त्याच क्षणी सोडायचं. पडलेल्याला दाबून धरणं त्यांच्या लेखी हलकटपणा होता.

पर्वत पाटियाच्या मार्केटमध्ये साड्यांचे पार्सल बांधता बांधता मी सत्ताविशी गाठली आणि मग हे नवीन खूळ डोक्यात शिरलं. आमचा क्लास एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. सर पक्के सुरती, आमच्याशी मात्र हिंदीत बोलायचे. मी पहिल्याच दिवशी एकाला चित केलं आणि उठून त्याला हात दिला. सर म्हणाले, "उठा क्यूँ? दबा के रख." वरून दाबून ठेवलं की पॉइंट मिळतात, म्हणे. ठीक. दुसऱ्या दिवशी दाबून बसलो, तर तेच सर ओरडले, "बैठा क्या है? हाथ ले, गला ले, खतम कर!" नुसतं बसून राहिलं तर पंच दोघांनाही उभं करतो, आणि हात पिरगाळायला किंवा गळा आवळायला गेलं की खालचा सटकतो. मग करायचं काय माणसाने? मी सरांना विचारलं, बसू की संपवू? ते म्हणाले, वेळ आली की कळेल. मला वर्षभर काही ती वेळ कळली नाही.

तरी ताकदीच्या जोरावर मी जिंकत गेलो. बारडोलीच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती. सरांनी आधीच सांगून टाकलं होतं: ही जिंकलास तर राज्याच्या निवडीला पाठवतो, हरलास तर तुझ्या वयाला पुढे पाठवण्यात अर्थ नाही, इथेच नव्यांना शिकव. मला पार्सलं बांधत म्हातारं व्हायचं नव्हतं. मला ते हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. म्हणूनच आबांना घेऊन गेलो. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि पिशवीत घडी घालून फेटाही घेतला.

पहिला राउंड माझा, दुसरा समोरच्या पोराचा. तिसऱ्यात मी त्याला उचलून आपटलं. त्याचे दोन्ही खांदे खाली, छातीवर मी आडवा. मिनिटभर राहिलं होतं. कोपऱ्यातून सर ओरडत होते, "वहीं रह! हिल मत!" नुसतं धरून ठेवलं असतं तरी काम झालं असतं. आणि तेवढ्यात आबांची आरोळी आली. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात बोललेल्या माणसाची अहिराणी आरोळी ती, अख्ख्या हॉलने ऐकली. "व्हयना चित! उठ रे पोऱ्या, उठ!" झाला चित, ऊठ.

मी उठलो. म्हणजे एक गुडघा उचलला, हात सैल सोडले. पोरगं खालून सुटलं आणि अंगावर आलं. पाठ टेकू नये म्हणून मी पालथा झालो, झालं, तो पाठीवर बसला आणि त्याचा हात गळ्याखाली आला. मी त्याच्या दंडावर तीनदा थापटलं. थापटणं म्हणजे हरलो, सोड.

खाली उतरलो तर सरांच्या तोंडातून एकदम गुजराती निघालं, "अल्या, छोड्यो केम?" का सोडलंस? आबांचं नाव कसं घेणार?

नंतरचे दहा दिवस आबांनी वैताग आणला. चहाच्या टपरीवर, भाजीवाल्याकडे, भेटेल त्या गाववाल्याला एकच सांगायचे की पोराने चित केलं होतं, पंच फितूर होता. वर आणखी, "त्याले शाबासकीबी दिधी मना पोरनी, दंडवर थापटं!" लोक माझं अभिनंदन करायचे आणि मी आतल्या आत जळायचो. तुम्हीच घालवली माझी कुस्ती, हे वाक्य रोज ओठांवर यायचं. पोरांना शिकवायला क्लासला जायचो तेव्हा तर जास्तच.

शेवटी एका रविवारी सकाळी क्लासमधल्या एकाने काढलेला व्हिडिओ मागून घेतला आणि आबांच्या भाकरीच्या ताटाशेजारी मोबाईल टेकवला. "देखा आबा, देखा काय करं तुम्ही." माझा आवाज चढलाच होता.

त्यांनी पाहिलं. मग मीही वाकून पाहिलं. आधी माझे हात सैल पडलेले दिसले, गुडघा उचललेला दिसला. आरोळी त्यानंतर आली. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझं डोकं चालेना. दहा दिवस मी छातीठोकपणे सांगू शकलो असतो की आधी आरोळी आली.

आबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आखो एकदाव लाव," ते म्हणाले. मी लावलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"तू थापटं तवयच माले समजी गयतं का तू हारना," ते म्हणाले. "मी आरोळी मारी म्हनीसन हारना, आसं वाटे. दहा दिन झाये, जेवन नही जास. लोकेसले काय सांगू?" मग त्यांनी माझा हात धरला. "मंग मन्हामुये नही हारना ना तू?"

मी म्हणालो, नाही आबा, तुमच्यामुळे नाही. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले. मी खरं बोललो की खोटं, ते मला अजूनही सांगता येत नाही.