टॅक्सीवरचे फोड

साठ सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीकडचा, मुंबईच्या एका गॅरेजात स्प्रे पेंटिंग शिकून कतारमध्ये दोह्याला आलो होतो. आमचे अरबाब, म्हणजे मालक, तरुणपणी मोती काढणाऱ्या बोटींवर होते. तो धंदा बसल्यावर त्यांनी गॅरेज टाकलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या सहवासात त्यांना हिंदी चांगली यायला लागली होती, त्यामुळे आमचं जमायचं.

उन्हाळा सरता सरता समुद्रावरून अशी दमट हवा यायची की सदरा पिळून घालावा. त्याच दिवसांत मी एका बलुची ड्रायव्हरची टॅक्सी रंगवली. रंग झकास बसला. तो खूश होऊन गाडी घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. बॉनेटवर, टपावर बारीक फोड उठले होते. मी एक नखानं उकरला, तर खाली ओल.

"भाई, माझी रोजी आहे ही," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

आपलं इथलं खलास, असं मी धरूनच चाललो. अरबाब बाहेर आले. फोडांवरून बोट फिरवलं आणि खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढून ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. "काम माझ्या गॅरेजात झालं. तुझी गाडी नीट होईपर्यंत ही चालव." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कारण शोध. घाई करू नको."

रंगाच्या गनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी मी रोज सकाळी न चुकता काढत होतो. मग ही ओल आली कुठून? माझ्या खोलीत रायगडकडचा एक फिटर राहायचा. शुक्रवारी नमाजनंतर त्याला घेऊन आलो. कंप्रेसर चालू करून आम्ही पांढऱ्या कागदावर गनमधून नुसती हवा सोडली. आधी कागद कोरडा राहिला. मग थेंब पडले, तेलाचे डागही उमटले. फिटरनं टाकीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"केवढी तापलीय! अरे, ही गरम हवा तुझ्या नळीत जाऊन गार होते, अन् पाणी तिथंच सुटतं."

"म्हणजे नळीच्या आधीच गार करायला हवी."

"तेच तर!"

आम्ही टाकीपासून सावलीतल्या भिंतीवरून लांब लोखंडी पाइप उतारानं नेला. खालच्या टोकाला पाणी सोडायचा नळ बसवला. रबरी नळी जोडली ती पाइपच्या वरच्या अंगाला काढलेल्या फाट्यावर, मध्ये एक गाळणी घालून. पाइप अरबाबांनीच आणून दिला, आणि फिटर पाइपचे आटे आवळत होता तेव्हा दुसरं टोक धरून तेच उभे राहिले. पहिल्यांदा नळ उघडला, तेव्हा तांबूस, तेलकट पाणी फसफसत बाहेर पडलं. कागद मात्र कोरडाच राहिला. अरबाब लहान मुलासारखे हसले.

टॅक्सी पत्र्यापर्यंत घासून मी पुन्हा रंगवली. ड्रायव्हर आला, टपावरून तळवा फिरवत गाडीभोवती हिंडला आणि मला मिठीच मारली. अरबाबांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. एकाच थाळीतून खाताना माशाचे चांगले तुकडे ते आमच्या बाजूला सारत होते.

मी तिथे पुढे कितीतरी वर्षं राहिलो, गावी घर उभं केलं, बहिणींची लग्नं केली. त्या दिवशी मला काढून टाकणं त्यांना अगदी सोपं होतं. आजही नमाजला बसलो की माझ्या माणसांसाठी दुआ मागतो, आणि त्यांत अरबाब असतातच.