कडेने धर

भारत सरकारच्या टांकसाळीला सल्ला देण्याचा अधिकार देवाने जन्मतः दिलेला, पण सरकारने शेवटपर्यंत मान्य न केलेला असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो सौदीतल्या अल-खोबरला आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे अक्षरशः; आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, त्यांचा तिसऱ्या. मूळचे दापोलीकडच्या बंदरावरचे. खोबरच्या बाजारात बटणं, लेस, अस्तर असल्या शिलाईच्या सामानाचं त्यांचं दुकान होतं. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. मी तेव्हा धाहरानला एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होतो, लग्न नवं होतं, आणि परमुलखात डोक्यावर कोणीतरी वडीलधारं आहे याचं मला फार बरं वाटायचं.

मुंबईची टांकसाळ शौकिनांसाठी दरवर्षी कोऱ्या नाण्यांचा एक संच काढते. चाचा त्याला ‘सेट’ म्हणत. त्यांचा भाचा तो मुंबईत मिळवायचा आणि सुट्टीवरून परतणाऱ्या एखाद्या गाववाल्याच्या पिशवीतून, सोड्यांच्या पुडीशेजारी बसून, तो खोबरला यायचा. सोडे चाची ताब्यात घेत, सेट चाचा. मग भिंगातून तपासणी, आणि मग निकाल. यंदा कोणतं नाणं घातलं, कोणतं सोडलं, यावर चाचा जिन्यात उभे राहून बोलायला लागले की दूधवालासुद्धा अडकून पडायचा. त्यांच्या बोलीत ‘ळ’ नव्हता, ‘ल’ होता. त्यामुळे टांकसाळीची ‘टांकसाल’ व्हायची आणि गाळणं हे ‘गालणं’.

“पाच पैशाला गाललान बग!” एका वर्षी ते रडवेल्या आवाजात म्हणाले. “लग्नपत्रिकेत बड्या मामाचा नाव घातलान आणि गरीब चाचाला गाललान, तसा झाला हा. अरे, तो ल्हान हाय म्हणून काय सेटातला नाय?”

मी म्हटलं, “चाचा, पाच पैशांत आता येतं काय?”

“येत काय नाय. पण तो घरचा हाय ना!”

सौदीत असा सेट कोणी विकताना त्यांना कधी दिसला नाही. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. चाचांनी स्वतःच टांकसाळ काढली. दुकानात बटणांचे नमुने लावायचे जाड पुठ्ठे असत. त्यांना नाण्याच्या मापाची गोल भोकं पाडायची, पाच हलालापासून रियालपर्यंत एकेक नाणं बसवायचं आणि वरून सेलोफेन चिकटवायचा. एका सालाचा एक पुठ्ठा. एखाद्या साली एखादं नाणं निघालंच नसलं, तर त्याचा राग ते आपल्या कफिलावर, म्हणजे ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना होता त्या सौदीवर, काढत. तो बिचारा कॉफी प्यायला म्हणून दुकानात यायचा आणि आपल्या सरकारच्या वतीने माफी मागून जायचा. दुकानदार सुट्ट्याऐवजी च्युइंगगम हातावर ठेवतात तेव्हा आम्ही मुकाट्याने चघळत निघायचो. चाचा मात्र गल्ला उघडायला लावून त्यातली सालं तपासत. खोबरचे निम्मे बकालेवाले, म्हणजे तिथले वाणी, त्यांना पाहिल्यावर नमाजाची वेळ झाली म्हणून शटर ओढत, असं चाची सांगत.

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे ‘कडेने धर’. नाण्याला बोट लागलं की घाम लागतो, घाम लागला की डाग पडतो, म्हणून नाणं दोन बोटांनी कडेने धरायचं. इथवर ठीक. पण ती सवय पुढे सगळीकडे पसरली. चाचा बिस्किट कडेने धरत, भाकरी कडेने धरत, बशी तर कडेनेच धरत आणि त्यामुळे चहा नेहमी सदऱ्यावर असे. माझी बायको आमच्या लग्नाचा फोटो त्यांना दाखवायला घेऊन गेली तर पहिला आशीर्वाद मिळाला तो हाच: “कडेने धर, बाय!”

मग युद्ध आलं. शेजारचा देश गिळला गेला, आमच्या रस्त्यांवर लष्करी गाड्या दिसू लागल्या आणि बायकामुलं मिळेल त्या विमानाने घरी निघाली. माझी बायको गरोदर होती. ती चिपळूणला माहेरी गेली. चाचीही दापोलीला गेल्या. चाचा राहिले. “सेट कोणाकडे ठेवू?” असं ते म्हणाले. मीही राहिलो, कारण नोकरी सुटली असती. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या एका खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि भोंगा वाजला की तिथे जाऊन बसू लागलो. पहिल्या भोंग्याला चाचा आले ते पुठ्ठ्यांचं खोकं छातीशी धरून. विषारी वायूसाठी मिळालेला मुखवटा दिवाणखान्यातच राहिला होता.

“चाचा, मुखवटा!”

“ता दुसरा मिलेल,” ते म्हणाले. “हे कोण देल?”

शेवटी मुखवटा आणायला मी धावलो. परत आलो तर हा माणूस मला म्हणतो, “कडेने धर, काच हाय त्याला.” मी त्या दिवसांत हसलो असेन तर ते त्यांच्यामुळेच.

युद्ध संपत आलं असं वाटत असतानाच आमच्या अगदी जवळ एका इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. माणसं गेली. आमच्या काचा थरथरल्या, आम्ही वाचलो. पण रेडिओने खोबरचं नाव घेतलं म्हणजे चिपळूणला ते पोहोचलंच, आणि तिकडे माझ्या बायकोचे दिवस भरत आलेले. सकाळी मी टेलिफोनच्या डब्याकडे धावलो. रांग लांबलचक, सगळ्यांनाच घरी ‘मी आहे’ एवढं सांगायचं होतं. सासुरवाडीला फोन नव्हता. शेजारच्या वकिलांचा नंबर होता, आणि ते खिडकीतून हाक मारणार, मग ती जिना उतरून, अंगण ओलांडून येणार. तोवर इकडे डबा नाणी गिळत बसलेला. त्यातून त्याला मोठीच नाणी लागत. माझी मूठ रिकामी झाली तेव्हा तिकडून नुसती चपलांची फटफट ऐकू आली आणि फोन मेला.

बाजारात नाणं उरलं नव्हतं. ज्याच्या-त्याच्याकडे च्युइंगगम. मी रडकुंडीला येऊन चाचांच्या दारात उभा राहिलो. मागितलं काहीच नाही. मागायची छातीच नव्हती. फक्त झालेलं सांगितलं.

“तिना तुझा आवाज ऐकलान?”

“नाही.”

चाचा आत गेले आणि खोकं घेऊन आले. “यल्ला, चल,” म्हणाले.

पुन्हा रांग, पुन्हा वकील, पुन्हा हाक. चाचा माझ्या शेजारी उभे राहून एकेका पुठ्ठ्याचा सेलोफेन नखाने फाडत होते आणि मोठी नाणी काढून देत होते. घाईत मी एक मुठीतच पकडलं, तर ओरडले, “कडेने धर!” आणि ते नाणं पुढच्या क्षणी डब्याच्या पोटात जायचं होतं! तेवढ्यात तिचा आवाज आला.

“अहो, तुम्हीच आहात ना?”

“मीच आहे. बरा आहे. चाचाही बरे आहेत.”

त्यापुढे ती नुसती रडत राहिली. एकेक नाणं खळकन आत पडत होतं, एकेक वर्ष संपत होतं, आणि मला लाज वाटायला लागली. मी म्हटलं, “अगं, रडू नकोस, ठेवतो आता.”

चाचांनी माझ्या हातावर पुढचं नाणं ठेवलं. “रडू दे तिला,” ते म्हणाले. “नाणी हायत अजून.”

त्या माणसाने मला त्या दिवशी काय दिलं, ते मी पुढे कितीही बोललो तरी सांगता येणार नाही. शांतता झाल्यावर मी बँकेतून कोरी नाणी आणून त्यांच्यापुढे ठेवली, भोकं भरायला. चाचांनी ती कडेने धरून बघितली आणि परत दिली.

“राहू दे तशीच,” म्हणाले. “गाललेली नायत ती. कामाला गेलीत.”

आमची मुलगी सुखरूप झाली. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मुंबईचा सेट येत राहिला, चाचा दापोलीला परतल्यानंतरही, आणि मागोमाग कोणाला गाललान याची तक्रार करणारा फोन. दोन वर्षांपूर्वी तो फोन आला नाही. त्यांच्या मुलाचा आला. काही दिवसांनी तोच खोकं घेऊन घरी आला. अब्बांनी तुमच्याकडे द्यायला सांगितलं होतं, म्हणाला.

यंदाचा सेट मीच मागवला. नाणी चकचकीत आहेत, पण कोणतं घ्यायला हवं होतं आणि कोणतं राहिलं, हे मला कळत नाही आणि सांगायला कोणी नाही. मुलगी परवा आली होती. खोक्यातला एक पुठ्ठा उचलून ती म्हणाली, “बाबा, यातली मोठी कॉइन्स सगळी मिसिंग आहेत.”

“मिसिंग नाहीत,” मी म्हटलं. “कामाला गेलीत. आणि बाळ, कडेने धर.”