ज्याचं नाव घ्यायचं नाही

आमची काकी भित्री, असं घरात सगळे हसत म्हणायचे. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

ऐंशी सालानंतरची ती मे महिन्याची सुट्टी. मी मुंबईत वाढलेली, आठ वर्षांची. रत्नागिरीजवळ आमच्या गावी आले होते. भर दुपारी काकीबरोबर काजूच्या बिया वेचत होते. वाळक्या पानांच्या पातेऱ्यात माझे पाय अनवाणी.

"बाय, हलू नको," काकी अगदी हळू म्हणाली. "पायाशी जनावर हाय."

मला वाटलं, कुणाचा तरी बैल मोकाट सुटलाय. "कुठंय?" म्हणत मी वळायला पाऊल उचललं. पानांत करवतीसारखं काहीतरी खरखरलं.

काकी पांढरीफटक पडली. त्याचं नाव घेतलं की ते घेणाऱ्याच्या मागे लागतं, अशी तिची पक्की समजूत. जन्मात तिने ते नाव घेतलं नव्हतं.

"साप!" ती किंचाळली. "साप हाय गो, साप!"

मी एका पायावर थिजले. वीतभर फुरसं, पण चावलं तर माणूस जातं. ते माझ्या समोरून सरपटत कातळात शिरलं.

घरी हे ऐकून काका काकीला हसले, "घाबरलीस ना?"

"पोरीच्या पायाशी जनावर होतं," एवढंच काकी बोलली.

पुढे सुट्टीभर ती आमची अंथरुणं एकदा झटकून घालायची. स्वतःचं मात्र तीन-तीनदा.