बाबूचा फ्लडलाइट

देवबागकरांनो, आणि इथे राहून गेलेल्यांनो, आज जरा विचित्रच घडलं.

शेजारच्या बाबूच्या होमस्टेचा फ्लडलाइट रोज रात्री समुद्रावर आणि माझ्या खिडकीत पडतो. आज सकाळी भांडायच्या तयारीनेच गेले. म्हटलं, "बाबू, तो दिवो जरा खाली वळय. तुझा अंगण उजळूंदे, आभाळ कित्याक?"

तो म्हणाला, "बरा गो ताई." लगेच शिडी लावून त्याने दिवा जमिनीकडे वळवला आणि वर उजेड जाऊ नये म्हणून पत्र्याची झापडसुद्धा ठोकली!

कुंपणाच्या वीतभर जागेवरून माझ्याशी वर्षभर अबोला धरलेला माणूस एका शब्दात ऐकतो? मला काळंबेरं वाटलंच. दिवा बिघडला असेल, नाहीतर याला कुंपण पुढे सरकवायचं असेल.

संध्याकाळी अंधार पडल्यावर कुंपणाशी जाऊन कान दिला. त्याचे पाहुणे वाळूत आडवे पडून चांदण्या बघत होते आणि बाबू अगदी शुद्ध मराठीत सांगत होता, "आम्ही मुद्दाम अंधार ठेवतो. ही आमची खास सोय."

"रे बाबू, तुझी सोय?" मी ओरडले.

"गप रव गो! पलीकडचो बघता," तो कुजबुजला.

खरंच, पलीकडच्या रिसॉर्टचा मालक स्वतःच्या झगझगाटात उभा राहून आमच्या अंधाराकडे संशयाने बघत होता. यांचे पाहुणे एवढे खूश कशाने, हाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

या संशयापायी उद्या त्याचाही दिवा खाली वळेल, म्हणून मी कुंपणापासून मागे फिरले. श्रेय बाबूलाच घेऊ दे.

आता तुम्ही सांगा, तुमच्या शेजाऱ्याच्या मनात असला संशय कसा पेराल?