पेन्सिलीची फुली

वडिलांच्या अस्थी घेऊन मी आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीची वाट पाहत होतो. शेजारच्या माणसाने पिशवीतला कलश पाहून चपला काढून ठेवल्या. बऱ्याच वेळाने त्याने एक नोटीस पुढे केली.

"वाचता काय जरा?"

हा एका शेठच्या बंगल्याचा राखणदार, पण कागदोपत्री त्यांच्या कंपनीचा डायरेक्टर. शेठ पेन्सिलीने फुली मारत, हा तिथे सही करी. कारखान्याचं विषारी पाणी खाडीत सोडल्याबद्दल आता खटला याच्यावर होता. शेठचं नाव कुठेच नव्हतं.

"प्रत्येक सभेला तुम्ही हजर होतात, असं लिहिलंय."

"ते खोटं न्हाय. चहा मीच न्यायचो."

"शेठ काय म्हणाले?"

"म्हणाले, डायरेक्टर तू हायस, तूच बघ." हे सांगताना तो किंचित ताठ बसला.

राजीनामा दिला तर तुरुंग टळेल का, असं त्याने विचारलं. आधीच्या सह्यांची जबाबदारी उरतेच, असं मी सांगितलं.

बोट लागली. त्याने खिशातून वकीलपत्र काढलं. वकील शेठनेच दिला होता.

"यावर आत्ता सही करू नका," मी म्हणालो.

त्याने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"पण फुली मारलीय ना."