चार शब्दांची खबर

राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे काय ते मी अहेरीत, माझ्या स्वतःच्या एसटीडी बूथमध्ये बसून पाहिलंय. त्यामुळे टीव्हीवर कोणी टाय लावून त्यावर बोलायला लागला की मी सरळ बटण बंद करते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासऱ्यांच्या, म्हणजे अब्बांच्या, सायकल दुकानाचा अर्धा भाग पत्र्यानं अडवून नवऱ्यानं बूथ टाकला, आणि तिथं बसायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

फोनवरून जंगलवाल्या नक्षल्यांचे निरोप जातात, लक्ष ठेवा, असा वरून हुकूम आला आणि माझ्या बाकड्यावर एक गुप्त पोलीस येऊन बसायला लागला. गुप्त कसला डोंबलाचा! अख्ख्या बाजाराला ठाऊक. भजीवाला लांबूनच ओरडायचा, "रामराम, खुफिया भाऊ!" आणि हा पठ्ठ्या वर मान डोलवायचा. दिवसभर माझा चहा ढोसायचा आणि लोकांची दुखणी, सोयरिकी कान टवकारून ऐकायचा.

एका उन्हाळ्यात मुलचेऱ्याकडचा मासळीवाला फोन करायला आला. तिकडं निर्वासित बंगाल्यांची गावं वसवलेली आहेत, त्यातल्या एका गावचा हा. आठवडी बाजाराला यायचा. त्याचा बाप अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरनं हात टेकले होते आणि म्हाताऱ्यानं एकच धोशा लावला होता, मोठ्याला बोलवा. मोठा रायपूरला कामाला, कित्येक वर्षांत गावी आलाच नव्हता. ह्यानं त्याला फोन लावला, तो निघतो म्हणाला. मग ह्यानं गावच्या दुकानात फोन करून घरी बंगालीत निरोप दिला, रोज ऐकून ऐकून मला तेवढं कळायचं: दादा येतोय, सोबत चार जण आहेत, भात जास्त घाला, त्याला गाव सापडायचं नाही, रस्त्यावर माणूस उभा करा.

आता बंगालीत दादा म्हणजे थोरला भाऊ. आणि आमच्याकडं जंगलातल्या बंदूकवाल्यांना लोक दादालोक म्हणतात. बाकड्यावरच्या विद्वानाला बंगाली ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या कानाला चारच शब्द लागले: दादा, चारजन, भात, रास्ता. झालं! उठला तो तरातरा. मासळीवाल्याला बाजारातूनच उचललं. दुसऱ्या दिवशी थोरल्याला, बायकापोरांसकट एसटीतून उतरताना. बायकापोरांना सोडलं, 'दादा'ला ठेवून घेतलं.

मी ठाण्यात गेले. म्हटलं, "सायेब, तिकडं त्याचा बाप मरून राह्यला. दादा म्हंजे भाऊ होय त्याचा."

"बाई, तुमी आपलं बूथ पाहा."

त्याच आठवड्यात बूथवाल्यांची सभा भरली. नागपूरहून पोलिसांचे साहेब लोक आले होते. एक म्हणाला, प्रत्येक बूथवर टेप लावा. दुसरा म्हणाला, टेप कशाला, बूथच बंद करा. तिसऱ्यानं सांगितलं की आता कॉम्प्युटर येतायत, धोक्याचा शब्द आपोआप पकडतील. पंख्याखाली बसून वाद घालतायत, आणि इथं एक म्हातारा लेकांसाठी जीव धरून पडलाय! मला राहवेना. उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

पहिला साहेब हसला. "बाई, हाच तर त्यांचा कोड आहे. साधा वाटतो म्हणूनच वापरतात. आणि खबर खोटी कुठं होती? दादा येणार म्हटलं, आला. सोबत चार जण म्हटलं, चारच निघाले."

पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. अशा अकलेवर देश उभा आहे म्हणे! मला तर त्यांचा चहासुद्धा प्यावासा वाटला नाही, उठून आले.

मग एका दुपारी मासळीवाल्याच्या बहिणीचा फोन आला. म्हातारा गेला. उन्हाचे दिवस, लेकांची वाट तरी किती बघणार? जावयानं अग्नी दिला. आणि त्यानंतर साहेबांची खात्री पटली की दादा म्हणजे भाऊच. दोघांना सोडलं. माफी नाही, काही नाही. वर "नीट राहा" असा उपदेश!

ठाण्यातून दोघे सरळ बूथवर आले. धाकटा घाईघाईनं गावचा नंबर फिरवायला लागला. मी फोनवर हात ठेवला.

"भाऊ, बैठो. बाबा नहीं रहे."

धाकटा बाकड्यावर बसला. थोरला उभाच. म्हणाला, "मेरा पूछा था?"

बहिणीनं फोनवर रडत सांगितलं, तेच सांगितलं. म्हातारा ऐकेचना, मोठा आला का, मोठा आला का. शेवटी तिनं थाप मारली, दादा आलाय, विहिरीवर आंघोळ करतोय. म्हातारा म्हणाला, बरं, होऊ दे त्याची आंघोळ. आणि दाराकडं तोंड करून पडून राहिला. तसाच गेला.